मुक्तिसंग्रामाचा अपुरा हिशेब

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने नांदेड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युरोपची वारी करून येणाऱ्या मराठी माणसांची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असते. निवृत्तीनंतर हाती वेळ असतो. चार स्नेही एकत्र येतात, मोटार भाड्याने घेतात आणि दोन्ही महायुद्धांच्या रणभूमी पाहत हिंडतात. नॉर्मंडीचा किनारा, व्हर्दूनची थडगी, बर्लिनमधील भिंतीचे अवशेष पाहून ही मंडळी परत येतात आणि येथे स्नेहसंमेलनांतून त्याची छायाचित्रे दाखवतात. त्यात गैर काहीच नाही. इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठी शिपायांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता, आणि त्यांपैकी घाडगे तेथेच कामी आले. तेव्हा त्या भूमीशी आपले काही नाते नाही असेही म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की, नॉर्मंडी पाहून आलेल्या नांदेडकरांपैकी कितीजणांनी उमरी पाहिली आहे? लातुरातील कितीजण हत्तीबेटावर सहलीखेरीज दुसऱ्या कारणासाठी गेले आहेत?

नांदेडच्या चार मित्रांनी मात्र हा प्रश्न मनावर घेतला. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील, एक एस.टी. कामगारांच्या संघटनेत उभे आयुष्य घालवलेले गृहस्थ आणि चौथे नायगावकडचे एक शेतकरी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक जीप ठरवली आणि नांदेड ते लातूर हा प्रवास सरळ रस्त्याने न करता, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या खुणा शोधत, दोन दिवसांत केला. त्यांच्या या प्रवासाची हकीकत येथे सांगण्याचे कारण केवळ कौतुक हे नाही. प्रवासाच्या अखेरीस एक गोष्ट निघाली, आणि तिच्याविषयी चळवळीतल्या माणसांनी विचार करणे अगत्याचे आहे.

नांदेडमध्ये माता गुजरीजी विसावा उद्यानात हुतात्मा स्मारक आहे. दर १७ सप्टेंबरला तेथे सरकारी ध्वजवंदन होते. प्रवासाचा आरंभ तेथून झाला. एस.टी.तले भाऊ म्हणाले, "मंत्री येतात म्हणून तेवढा एक दिवस झाडलोट होते." बाकीच्यांनी त्यावर वाद घातला नाही.

तेथून उमरी. नांदेडहून मुदखेडमार्गे निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव कापसाच्या पेठेमुळे वाढले. सरकी काढण्याचे कारखाने, रेल्वे आणि व्यापाऱ्यांची उलाढाल यांमुळेच तेथे निजामी राजवटीत बँकेची शाखा होती. एरवी तालुक्याच्या गावीही बँक असण्याचे ते दिवस नव्हते. ही बँक मुक्तिसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती आली. त्या काळचे वीस लाख म्हणजे काय, याची कल्पना आज सहज येत नाही. सरहद्दीवरच्या तळांवर शेकडो तरुण घरदार सोडून राहत होते. त्यांचे जेवणखाण, शस्त्रे, औषधपाणी आणि तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांचा निर्वाह, हे सारे तोवर देणग्यांवर चालले होते. उमरीच्या पैशाने हा लढा काही काळ तरी उसनवारीच्या चिंतेतून सुटला. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. ही योजना पार पाडून परतणाऱ्यांच्या कानी ती वार्ता आली असेल, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

परंतु उमरीची जी गोष्ट तेथील जुन्या माणसांच्या तोंडून आजही अभिमानाने ऐकू येते ती धाडसाची नाही, हिशेबाची आहे. या रकमेतून कोणाला किती दिले, कशावर किती खर्च झाला, हे लिहून ठेवले गेले आणि मुक्तीनंतर तो हिशेब सादर झाला, असे ते सांगतात. गुप्तपणे चाललेल्या सशस्त्र लढ्यात, जेथे कागद सापडला तर जीव जाण्याची भीती, तेथे जमाखर्च लिहिला जावा, यात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाचा सारा स्वभाव दिसतो. संन्यास घेण्यापूर्वी स्वामीजींनी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत काम केले होते. पुढे हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या राष्ट्रीय शाळांत त्यांनी मुले शिकवली. सार्वजनिक पैशाची जबाबदारी म्हणजे काय, हे त्यांना कोणी नव्याने शिकवण्याची गरज नव्हती.

लढा कशासाठी होता, याचे उत्तर आजकाल एका वाक्यात दिले जाते: निजाम मुसलमान होता आणि प्रजा हिंदू. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते फोफावले. उमरीसारख्या गावाच्या अर्थव्यवहाराकडे पाहिले तर वेगळे चित्र दिसते. हैदराबाद संस्थानाचा सुमारे दोन-पंचमांश प्रदेश जहागिरी आणि निजामाच्या खासगी मालकीचा सर्फेखास यांत मोडत होता. तेथे रयतेला ना कायद्याचा आधार, ना दाद मागण्याची सोय. वेठबिगार सर्रास होती. संस्थानाच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. बार्शीहून कापड आणायचे तर जकात, सोलापूरला धान्य न्यायचे तर जकात. आबकारीचे उत्पन्न वाढावे म्हणून शिंदीची झाडे राखली जात. त्यातच दुसरे महायुद्ध आले. युरोपात बाँब पडत होते तेव्हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी लेव्हीचा अंमलदार येत होता. सक्तीने धान्य घेतले जाई. मोठा जमीनदार पटवाऱ्याशी संगनमत करून सुटे आणि चार-सहा एकरांच्या कुणब्याच्या घरचे दाणे उचलले जात. म्हणूनच १९४७-४८ मध्ये मुक्तिसैनिकांनी जे कार्यक्रम हाती घेतले त्यांत करोडगिरी नाके मोडणे, पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे, शिंदी तोडणे, लेव्हीला नकार देणे हे सारे होते. यांतला एकही कार्यक्रम कोणा धर्माविरुद्ध नव्हता. दप्तर जाळताना पटवारी कोणत्या जातीचा याची चौकशी झाली नव्हती. आणि खरे सांगायचे तर मराठवाड्यात तो बहुधा हिंदूच असे.

जीपमध्ये या विषयावर शेतकरी मित्र आणि वकीलसाहेब यांची बरीच जुंपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळे पडू लागले होते. शेतकरी मित्राचे म्हणणे असे की, लेव्ही गेली, जहागिरी गेली, पण पिकाचा भाव ठरवणारा अजून दुसराच आहे. वकीलसाहेब त्यांना म्हणाले, "ते खरं, पण अण्णा, आज तुम्ही भांडायला कचेरीत जाऊ शकता. तुमच्या आजोबांना जाता येत नव्हतं." दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते.

दुपारी बिलोलीकडे जाऊन मंडळी अर्जापूरला पोहोचली. १९४६ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची येथे हत्या झाली. स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून असलेली बंदी उठून तेव्हा जेमतेम तीन-चार महिने झाले होते. बंदी उठली म्हणजे सभा घेता येतील, गावोगाव फिरता येईल, अशा समजुतीने जे तरुण बाहेर पडले त्यांत पानसरे होते. मुक्तिसंग्रामाचे पहिले हुतात्मे म्हणून या भागात त्यांचा उल्लेख होतो. नव्या पिढीतल्या मुलांची येथे गल्लत होते. गोविंदराव पानसरे म्हटले की त्यांना २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरला गोळ्या घातल्या गेलेले कॉम्रेड पानसरे आठवतात. नावाचा हा योगायोग असला तरी दोघांच्या हत्येमागचे कारण पाहिले तर तो अगदीच निरर्थक योगायोग वाटत नाही.

कंधारला मुक्काम झाला. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा किल्ला, हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा, आणि तितकीच महत्त्वाची म्हणजे शेतकरी कामगार पक्षाच्या राजकारणाची परंपरा, अशी या गावाची ओळख आहे. मुक्तिसंग्रामात लढलेले आणि पुढे विधानसभेत व लोकसभेत गाजलेले भाई केशवराव धोंडगे येथलेच. २०२३ च्या पहिल्या दिवशी ते वारले. आपला आणि शेकापचा मतभेद जुना आहे, त्याची उजळणी येथे नको. एवढे मात्र खरे की, मुक्तिसंग्राम काँग्रेसच्या झेंड्याखाली लढला गेला तरी त्यात उतरलेल्यांपैकी कित्येकांना केवळ निजाम जाऊन नवाबाच्या जागी पुढारी बसलेला नको होता. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी मुक्तीनंतर थोड्याच काळात काँग्रेसबाहेर पडले ते याच कारणासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्हाळी. १९४८ मध्ये येथील गढीतून अप्पासाहेब नाईक आणि त्यांच्या साथीदारांनी निजामी फौज आणि रझाकार यांना तोंड दिले आणि गावाने त्याची जबर किंमत मोजली. गढी म्हणजे मराठवाड्यात सरंजामी सत्तेचे घर. पांढऱ्या मातीचे जाड बुरूज, आत वाडा, खाली गाव. एस.टी.तले भाऊ बुरुजाकडे पाहत म्हणाले, "ज्या गढीला गाव वेठ देत होतं तिच्याच आडोशाला गाव लढलं." ही विसंगती नाकारण्यात अर्थ नाही. या लढ्यात देशमुख होते, वकील होते, मास्तर होते, आर्य समाजी होते, आणि ज्यांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत असे सालगडी आणि मजूर होते. निजाम गेल्यावर या सर्वांना एकच गोष्ट हवी होती असे नाही. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द करणारा हुकूम निघाला आणि १९५० मध्ये हैदराबाद कूळ कायदा झाला. संरक्षित कूळ हा शब्द तेव्हापासून खेड्यापाड्यांत पोहोचला. हे दोन कायदे मुक्तिसंग्रामाचे खरे फळ होत. मात्र १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्यांचे नाव कोणी घेत नाही. तेथे तलवारी आणि तोफाच फार असतात.

कल्हाळीहून उदगीर. या किल्ल्याजवळ १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि त्याच जोरावर मराठे पुढे पानिपताला गेले. उदगीरचे भाई श्यामलाल हे आर्य समाजाचे वकील १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले. पुढे देवर्जनजवळचे हत्तीबेट. माळरानातून एकदम उठणारी ही टेकडी, तिच्यातली लेणी आणि वर समाधी. येथून आणि रामघाटाच्या परिसरातून किसान दलाच्या तरुणांनी रझाकारांना सळो की पळो केले. टेकडीवरून चहूकडचे दहा-दहा मैल दिसतात. लष्करी दृष्टीने जागा का निवडली ते सांगावे लागत नाही.

येथेच सर्वांच्या ध्यानात आले की, मुख्याध्यापक बराच वेळ बोललेले नाहीत. आदल्या दिवशी उमरीत सर्वांत जास्त प्रश्न विचारणारे तेच होते. वकीलसाहेबांनी विचारले, "गुरुजी, दमलात का?" गुरुजी म्हणाले, "नाही. आता लातूर येईल ना, म्हणून." गुरुजी नांदेडचे, तिघांशी त्यांची चाळीस वर्षांची मैत्री. ते मुसलमान आहेत ही गोष्ट इतक्या वर्षांत कोणाला मुद्दाम आठवावी लागली नव्हती. त्यांचे घराणे मूळचे लातूरचे आहे, हे मात्र त्या तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

लातूर म्हटले की मुक्तिसंग्रामाच्या संदर्भात एकच नाव पुढे येते, कासीम रझवी. हा लातूरचा वकील. १९४६ मध्ये इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले आणि रझाकार संघटनेला त्याने जे रूप दिले त्याचे परिणाम मराठवाड्यातल्या गावागावाने सोसले. गावे जाळली गेली, माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, हजारो कुटुंबांनी सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी आणि वऱ्हाडात आसरा घेतला. भालकीकडच्या गोरट्यात १९४८ च्या मे महिन्यात जे हत्याकांड झाले ते विसरले जाऊ नये. याविषयी कोणतीही संदिग्धता असता कामा नये. रझाकारांचा जुलूम हा वादाचा मुद्दा नाही. त्यांनी आपल्या धर्मातील विरोधकांनाही सोडले नाही. 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. मुक्तिसंग्रामाची बहुतेक पुस्तके आणि सगळी भाषणे येथे संपतात.

गुरुजींच्या घरातली गोष्ट येथून सुरू होते. लातूरच्या गंजगोलाईच्या पेठेत त्यांचे आजोबा एका कच्छी व्यापाऱ्याकडे मुनीम होते. रझाकारांशी त्यांचा संबंध नव्हता. असलाच तर भीतीचा होता, जसा बाजारातल्या सर्वांचाच होता. फौजा आल्यानंतर काही दिवसांनी दुकाने लुटली गेली आणि आजोबा घरी परतले नाहीत. शेजारी एक लिंगायत धान्य व्यापारी राहत. त्यांना सारी गल्ली अप्पा म्हणे. या अप्पांनी गुरुजींच्या आजीला आणि चार मुलांना आपल्या वाड्यातल्या धान्याच्या बळदात अकरा दिवस लपवले. जमाव दारात आला तेव्हा अप्पांची आई उंबरठ्यावर बसून राहिली. मला ओलांडून जा म्हणाली. कोणी ओलांडले नाही. पुढे एका रात्री बैलगाडीतून कडब्याखाली झाकून या कुटुंबाला लातूरबाहेर काढण्यात आले. गुरुजींचे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. ते नांदेडला वाढले, गिरणीत लागले, आणि मरेपर्यंत लातूरला गेले नाहीत.

ही एका घरातली आठवण झाली. ती एकटी नाही, याला कागदाचा पुरावा आहे. पोलीस अ‍ॅक्शननंतर येणाऱ्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन पंडित नेहरूंनी एक सदिच्छा मंडळ हैदराबादेत पाठवले. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख होते. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे इतर सदस्य. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे मंडळ संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले, २१ गावी-शहरी आणि २३ खेड्यांत गेले, आणि जेथे जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज असा की, पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर संपूर्ण संस्थानात कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. एकट्या या चारांत किमान १८ हजार. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूरविषयी अहवालात असे नमूद आहे की, येथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या. शहरातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार आढळले. एक हजारावर मारले गेले होते आणि बाकीचे सर्वस्व टाकून पळाले होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आकड्यांविषयी सावध राहावे लागते. हे आकडे शिरगणतीचे नाहीत. तीन आठवड्यांच्या दौऱ्यातून काढलेला तो अंदाज आहे, आणि सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. कोणी म्हणेल, आकडा फुगवलेला आहे. असेल. मग तो निम्मा धरा. निम्मा धरल्यानेही जे घडले त्याला क्षुल्लक म्हणता येणार नाही. ज्यांना आकडा मान्य नाही त्यांनी गावोगाव जाऊन तो तपासायला हवा होता. त्याऐवजी अहवाल कपाटात राहिला. त्यातले काही भाग अभ्यासकांनी अधूनमधून बाहेर आणले. संपूर्ण मजकूर सर्वसामान्य वाचकाच्या हाती यायला २०१३ साल उजाडले. पासष्ट वर्षे.

त्या अहवालात दोष कोणावर आहे? स्थानिक हिंदू जमावांवर आहे. सोलापूर आणि अन्य शहरांतून आलेल्या एका जातीयवादी संघटनेच्या शस्त्रधारी माणसांवर आहे. काही ठिकाणी कम्युनिस्टांवर आहे. आणि गणवेशातल्या माणसांनीही कोठेकोठे या लुटीत व हत्येत हात घातला, असे स्पष्ट म्हटले आहे. पण त्याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे आणि ती समाजवादी कार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवल्याची अनेक उदाहरणे मंडळाला आढळली. एकाच धंद्यातील माणसांमध्ये ही बांधिलकी अधिक घट्ट होती. कित्येक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे हिंदू जमावापासून रक्षण केले आणि त्यात आपले प्राणही गमावले. या विणकरांचे स्मारक मराठवाड्यात कोठे आहे? हुतात्म्यांच्या यादीत त्यांची नावे का नाहीत? निजामाच्या गोळीने मेलेला जर हुतात्मा असेल, तर मागावर शेजारी बसणाऱ्याला वाचवताना स्वतःच्या धर्मातल्या जमावाच्या हातून मेलेला कोण?

चळवळीतली जुनी माणसे यावर गप्प का राहिली, हे समजण्यासारखे आहे. ज्यांनी रझाकारांचे अत्याचार डोळ्यांनी पाहिले, ज्यांचे भाऊ गेले, त्यांना मुक्तीच्या दिवसावर काही डाग असल्याचे ऐकवत नसे. आणखी एक भीती खरी होती: हे उघड बोलले तर निजामाच्या चाहत्यांना हत्यार मिळेल. पण मौनाचा फायदा कोणाला झाला? आज १७ सप्टेंबर हा लोकशाहीच्या लढ्याचा दिवस म्हणून नव्हे, एका धर्माने दुसऱ्यावर मिळवलेल्या विजयाचा दिवस म्हणून साजरा करण्याचा उद्योग जोरात आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याला मुक्तिदिन म्हटले, तेव्हाच्या तेलंगण सरकारने एकात्मता दिन म्हटले, आणि दोन्ही सभा हैदराबादेत एकाच दिवशी झाल्या. नावांवरचा वाद चालू द्या. शोएबउल्ला खान आणि लातूरचे अप्पा हे दोघेही ज्या गोष्टीत बसत नाहीत ती गोष्ट मुक्तिसंग्रामाची नव्हे, एवढे तरी आपल्याला ठामपणे म्हणता आले पाहिजे. आणि लातूरच्या वीस दिवसांविषयी आपणच मौन बाळगले असेल तर ते म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

युरोपची गोष्ट आरंभी निघाली होती. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे समाजवादी चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सा येथे ज्यूंच्या उठावाच्या स्मारकासमोर गुडघे टेकून बसले. ब्रांट यांच्यावर व्यक्तिशः कोणताही दोष नव्हता. हिटलर सत्तेवर आला तेव्हाच ते देश सोडून गेले होते आणि सारी तरुणाई त्यांनी नाझींविरुद्धच्या कामात घालवली होती. क्षमा मागण्याचे कारण ज्याला सर्वांत कमी, तोच गुडघ्यावर बसला. जर्मनीत त्यांच्यावर त्या वेळी टीकाही पुष्कळ झाली. लातूर म्हणजे वॉर्सा नव्हे. दोन्ही घटनांची तुलना करणे चूक ठरेल, तेथे एका राजवटीने आखून केलेला संहार होता आणि येथे कोसळलेल्या राजवटीच्या ढिगाऱ्यात माजलेले सूडसत्र. पण ज्यांनी लढा दिला त्यांचे वारस दुसऱ्यांच्या दुःखापुढे उभे राहिले तर लढ्याला कमीपणा येत नाही, हे ब्रांट यांच्याकडून घेता येते.

लातुरात संध्याकाळी चौघे मित्र प्रथम टाऊन हॉलच्या मैदानावरील हुतात्मा स्मारकापाशी गेले. गुरुजीही गेले, त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला. मग गंजगोलाईच्या मागच्या बाजूला अप्पांचा वाडा शोधायला मंडळी निघाली. गुरुजींकडे पत्ता नव्हता. वडिलांनी सांगितलेल्या दोन खुणा होत्या, एक आड आणि एक मोठे कडुनिंबाचे झाड. आड बुजलेला, झाड गेलेले. तीन दुकानांत विचारल्यावर एका म्हाताऱ्या शिंप्याने बोट दाखवले. वाड्याच्या जागी तीन मजली इमारत उभी होती, खाली मोबाइल फोनची दुकाने. अप्पांचे नातू पुण्याला असतात असे कळले. शिंप्याने गुरुजींना विचारले, "तुमचं काही नातं लागतं का त्यांच्याशी?" गुरुजी म्हणाले, "लागतं."

आता कामाचे. १९४८ मध्ये जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज नव्वदीकडे झुकले आहेत किंवा त्यापलीकडे गेले आहेत. प्रत्येक पावसाळ्यात त्यांतले काही जातात. नांदेड, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी तालुकावार यादी करून या माणसांना भेटावे. त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: रझाकारांच्या हातून कोण गेले, सप्टेंबर १९४८ नंतर कोण गेले, आणि कोणी कोणाला वाचवले. तिन्ही एकाच वहीत, एकाच क्रमाने. नाव, गाव, धंदा, आणि सांगणारा कोण. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून नोंदवावी, आकडा फुगवू नये आणि कमीही करू नये. कंधार आणि उदगीरपासून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण तेथे दोन्ही बाजूंची जुनी कुटुंबे अजून टिकून आहेत. वकीलसाहेबांनी बिलोली आणि देगलूर अंगावर घेतले आहे. गुरुजींनी लातूर मागून घेतले. त्यांच्याबरोबर जायला कोण तयार आहे, त्यांनी सभा संपल्यावर नाव द्यावे.